कोळंबी-खाद्यातील पर्यायी प्रथिने

संवर्धित कोळंबीच्या खाद्यात फिशमीलच्या, म्हणजे सुकवून दळलेल्या मासळीच्या, जागी वापरली जाणारी वनस्पतिज, कीटकजन्य वा सूक्ष्मजीवजन्य प्रथिने. भारतात २००९ पासून परवानगी मिळालेल्या व्हनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या खाद्यात साधारण ३५ टक्के प्रथिने लागतात. टायगर कोळंबीला त्याहून जास्त. उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा, त्यामुळे फिशमील महागले की तळेवाल्याचे गणित बिघडते. २०२३ मध्ये एल निनोमुळे पेरूने फिशमीलसाठी पकडल्या जाणाऱ्या अँकोव्ही या लहान माशाच्या मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला, तेव्हा हे दिसले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारली फिशमीलच्या कारखान्यात जाते. तिच्याबरोबर मासळीची पिल्लेही भरडली जातात ही तक्रार जुनी आहे, आणि रास्तही.

सर्वांत रुळलेला पर्याय म्हणजे सोयाबीन पेंड. तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, तेव्हा टक्का जुळवणे फारसे अवघड नाही. खरी अडचण पुढे येते. पेंडीत मिथिओनाइन हे अमिनो आम्ल कमी असते. ते वरून मिसळावे, तर कोळंबी खाद्याची गोळी एकदम गिळत नाही. पायांत धरून कुरतडत बसते आणि तेवढ्यात मिथिओनाइन पाण्यात विरघळते. म्हणून ते आवरण देऊन किंवा दोन-दोन रेणू जोडून वापरतात. कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, ते पेंडीतून मिळत नाही. फॉस्फरस असतो, पण बराचसा फायटेट या न पचणाऱ्या संयुगात अडकलेला. शिवाय कोळंबी खाणे शोधते ते वासावर. पेंडीच्या गोळीला तो वास नसल्याने स्क्विड (माकूळ) किंवा क्रिल या कोळंबीसारख्या लहान समुद्री जीवाची भुकटी घालावी लागते. नाहीतर चेक ट्रे, म्हणजे खाद्य खाल्ले जाते का हे पाहण्यासाठी तळ्यात सोडलेला ट्रे, वर काढला की गोळ्या तशाच पडलेल्या दिसतात.

पेंडही स्वस्तच राहील असे नाही. २०२१ मध्ये भाव एवढे चढले की केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करू दिली.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या भाजीपाल्याच्या कचऱ्यावर वाढतात. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात कीटक-प्रथिनांना मुभा दिली. मिथेनवर वाढणाऱ्या जीवाणूंचीही प्रथिने निघतात. किंमत आणि पुरवठा मात्र दोन्हींना आड येतात. साखर कारखान्यांच्या मळीवर यीस्ट वाढवता येते, पण महाराष्ट्रात त्या मळीवर इथेनॉलचा हक्क आधी लागतो.