ग्रेअम लॉइड : क्रिकेटच्या देशातून आलेला पिचर

एप्रिल १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रेअम लॉइड हा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, मिलवॉकी ब्रुअर्स संघाकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत उतरला, तेव्हा बेसबॉल ऑस्ट्रेलियात पोहोचून शंभरावर वर्षे झाली होती. क्रीडासाहित्याचे व्यापारी आल्बर्ट स्पॉल्डिंग डिसेंबर १८८८ मध्ये दोन अमेरिकी संघ घेऊन सिडनीत दाखल झाले आणि पुढे मेलबर्न, ॲडलेड अशा शहरांत त्यांनी प्रदर्शनीय सामने भरवले. खेळ रुजला, पण क्रिकेटच्या सावलीत. उन्हाळा क्रिकेटसाठी राखलेला असल्यामुळे बेसबॉल दीर्घकाळ हिवाळ्यातच खेळला गेला, आणि फेकीचा हात तयार राहावा म्हणून अनेक क्रिकेटपटू त्याकडे वळत. १९३४ मध्ये राज्यांच्या संघांसाठी क्लॅक्स्टन शील्ड स्पर्धा सुरू झाली. आपल्याला कसोटी कर्णधार म्हणून परिचित असलेले इयान चॅपल दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून कॅचर (यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू) म्हणून खेळत, हे इथे मुद्दाम सांगायला हवे, कारण क्रिकेटचा हा शेजार समजल्याशिवाय तिथल्या बेसबॉलचा प्रवास इतका संथ का झाला, हे कळत नाही.

क्वीन्सलंडमधील इप्सविच येथे जन्मलेला जो क्विन १८८४ मध्येच अमेरिकेत अव्वल दर्जाचे बेसबॉल खेळला होता. मात्र तो लहानपणीच अमेरिकेत गेला होता आणि खेळ तिथेच शिकला होता. त्यानंतरचा ऑस्ट्रेलियन खेळाडू, क्रेग शिप्ली, मेजर लीगमध्ये दिसला तो थेट १९८६ साली. शिप्ली मात्र इनफिल्डर, म्हणजे धावण्याच्या मार्गावरील टप्प्यांजवळ (बेसजवळ) थांबणारा क्षेत्ररक्षक. ऑस्ट्रेलियात वाढलेला पिचर या पातळीवर टिकू शकतो, हे दाखवून द्यायचे अजून बाकी होते.

लॉइडचा जन्म १९६७ चा, व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँगचा. १९८८ मध्ये टोरांटो ब्लू जेजने त्याला करारबद्ध केले, आणि पुढची पाच वर्षे खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये गेली. मिलवॉकीत त्याला कॅचर भेटला तो ब्रिस्बेनचा डेव्ह निल्सन. १९९३ च्या त्या पहिल्याच महिन्यात पिचर आणि कॅचर दोघेही ऑस्ट्रेलियन, असा प्रसंग मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच घडला.

साडेसहा फुटांहून उंच आणि डावखुरा, ही लॉइडची मोठी जमेची बाजू होती. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या पिचरचा चेंडू आपल्या खांद्यामागून आल्यासारखा भासतो, आणि चेंडू टप्पा न पडता अंगावर येत असल्यामुळे विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणूनच सामन्याच्या उत्तरार्धात, अडचणीच्या क्षणी, एखाद्याच डावखुऱ्या फलंदाजासाठी त्याला मैदानावर बोलावले जाई. बाहेरून हे काम किरकोळ वाटते. माझ्या मते मात्र ते फार कठीण आहे, कारण चूक सावरायला पुढचा फलंदाज मिळेलच याची खात्री नसते. मेजर लीगने २०२० पासून पिचरला, इनिंग (डाव) तिथेच संपली नाही तर, किमान तीन फलंदाजांना सामोरे जाण्याचा नियम केला आणि हे विशेष काम त्या जुन्या स्वरूपात उरले नाही.

ऑगस्ट १९९६ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने खेळाडूंच्या अदलाबदलीत त्याला घेतले तेव्हा त्याचे कोपर दुखावलेले होते. नियमित हंगामातील उरलेल्या १३ सामन्यांत त्याने इतक्या धावा दिल्या की सरासरी, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, १७.४७ वर गेली. या अदलाबदलीत आपली फसवणूक झाली, अशी यांकीजची तक्रार होती, आणि शहरातील प्रेक्षकांचा रोषही त्याच्याच वाट्याला आला. तरीही व्यवस्थापक जो टोरी यांनी त्याला पोस्टसीझनच्या, म्हणजे हंगामानंतर विजेतेपदासाठी होणाऱ्या सामन्यांच्या, संघात ठेवले.

२३ ऑक्टोबर १९९६. अटलांटा येथे वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, चौथा सामना. एका वेळी ०-६ असे पिछाडीवर असलेल्या यांकीजने आठव्या इनिंगमध्ये जिम लेरिट्झच्या होम रनमुळे (मैदानाबाहेर टोलवलेल्या चेंडूमुळे) ६-६ अशी बरोबरी साधली. नवव्या इनिंगमध्ये यजमान अटलांटा ब्रेव्ह्जचे धावपटू बेसवर, एक बाद, आणि समोर फ्रेड मॅकग्रिफ हा ताकदीचा डावखुरा फलंदाज. लॉइडला बोलावणे आले. मॅकग्रिफने मारलेला चेंडू जमिनीलगत गेला आणि एकाच फटक्यावर दोघे बाद झाले. यांकीजने दहाव्या इनिंगमध्ये ८-६ असा सामना जिंकला आणि विजयी पिचर म्हणून नोंद झाली ती लॉइडच्या नावावर. त्या मालिकेत तो चार सामन्यांत उतरला व त्याने एकही धाव दिली नाही. १९०३ पासून चालत आलेल्या वर्ल्ड सिरीजच्या विजेत्या संघातून खेळलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन ठरला.

१९९८ च्या हंगामात त्याची सरासरी अवघी १.६७ होती आणि यांकीज पुन्हा विजेते झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये रॉजर क्लेमन्ससारख्या दिग्गजाला मिळवण्यासाठी यांकीजने टोरांटोला जे तीन खेळाडू दिले, त्यांत लॉइड होता.

२००० हे वर्ष त्याच्यासाठी अतिशय कठीण गेले. माँट्रियल एक्स्पोजकडे गेल्यावर खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही, आणि त्याच वर्षी त्याच्या पत्नीचे आजारपणात निधन झाले. २००१ मध्ये तो परतला आणि तब्बल ८४ सामने खेळला. संकटांवर मात करणाऱ्या खेळाडूंना दिला जाणारा टोनी कोनिग्लियारो पुरस्कार त्याला त्या वर्षी मिळाला.

२००३ मध्ये ५६८ सामन्यांनंतर त्याची मेजर लीगची कारकीर्द थांबली. पुढच्याच वर्षी, अथेन्स ऑलिंपिकमध्ये, तो ऑस्ट्रेलियाच्या संघात होता. उपांत्य फेरीत या संघाने जपानला १-० असे हरवले. अंतिम सामना क्यूबाने ६-२ असा जिंकला, आणि वयाच्या ३७ व्या वर्षी लॉइडच्या गळ्यात ऑस्ट्रेलियन बेसबॉलच्या पहिल्या ऑलिंपिक पदकांपैकी एक, रौप्यपदक, पडले.