विंटर टायर आणि ऑल-सीझन टायर: फरक कुठे ओळखायचा

हिवाळ्यात गाडी चालवण्यासाठी टायर निवडताना विंटर आणि ऑल-सीझन ही दोन नावे समोर येतात, आणि दोन्हींचा अर्थ उघड असल्यामुळे त्यांत चुकण्यासारखे काही नाही असे वाटते. गोंधळ नावांत नसून टायरच्या बाजूवर उमटवलेल्या खुणांत आहे. दोन्ही प्रकारच्या टायरवर ‘एम+एस’ ही अक्षरे आढळतात. ती ‘मड अँड स्नो’, म्हणजे चिखल आणि हिम, यांची आद्याक्षरे असल्यामुळे ती असलेला कोणताही टायर हिमात चालेल असे ग्राहक गृहीत धरतो. ही समजूत अर्धवट आहे, आणि तिची किंमत पहिल्या हिमवर्षावात, उतारावरच्या वळणावर मोजावी लागू शकते.

‘एम+एस’ ही खूण मुळात नक्षीच्या रचनेविषयी आहे. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खाचा पुरेशा रुंद आणि मोकळ्या असतील, तर उत्पादक ती अक्षरे उमटवू शकतो. त्यासाठी टायर हिमावर चालवून पाहण्याची सक्ती नाही. याउलट तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण दाखवणारे चिन्ह चाचणीशिवाय मिळत नाही. उत्तर अमेरिकेतील रबर उद्योगाने ते १९९९ मध्ये आणले. तेथील पद्धतीत दाबून घट्ट केलेल्या हिमावर टायरला किती ओढ मिळते हे मोजतात, आणि प्रमाण मानलेल्या संदर्भ टायरपेक्षा ती किमान १० टक्के अधिक असेल तरच चिन्ह मिळते. संदर्भ टायर बदलल्यावर हा आकडाही त्यानुसार थोडा बदलला. युरोपातील नियमावलीत हिमावर ब्रेक लावूनही हीच परीक्षा घेता येते. दुकानात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ती डोंगर-हिमकणाची खूण असावी.

तरीही या चिन्हाकडे सर्वगुणसंपन्नतेचे प्रमाणपत्र म्हणून पाहू नये. ते एक किमान पातळी सांगते आणि तीही फक्त हिमावरची. वळणावर टायर किती धरून राहील किंवा गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर गाडी किती अंतरात थांबेल, हे त्यातून कळत नाही. पातळी जेमतेम गाठणारा टायर आणि ती कितीतरी ओलांडणारा टायर या दोघांवर चिन्ह सारखेच असते. म्हणूनच मे २०२१ पासून लागू झालेल्या युरोपीय टायर लेबलवर हिमासाठी डोंगर-हिमकण आणि बर्फासाठी आणखी एक स्वतंत्र चिन्ह, अशी दोन चिन्हे छापण्याची सोय केली आहे.

कायद्यानेही हा भेद हळूहळू मान्य केला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात विंटर टायर सक्तीचे आहेत आणि तेथे नुसती ‘एम+एस’ ही अक्षरे पुरत नाहीत. जर्मनीत तारखांची सक्ती नाही. रस्त्यावर हिम, बर्फ किंवा गोठलेला ओलावा असेल तेव्हा योग्य टायर हवेत, असा नियम आहे. तेथे अनेक वर्षे ‘एम+एस’ चालत असे. २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या तशा टायरना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत मुभा होती, आणि त्यानंतर डोंगर-हिमकणाची खूण अनिवार्य झाली.

खुणांच्या मागे खरा फरक रबराचा आहे. तापमान उतरत गेले की रबराची लवचिकता कमी होते आणि पुरेशा थंडीत ते जवळजवळ प्लास्टिकसारखे कडक होते. पकड मिळण्यासाठी रबराने रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत घुसावे लागते. कडक रबर त्यांच्या टोकांवरूनच घसरत जाते. विंटर टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे ठेवतात की ते शून्याच्या बरेच खालीही मऊ राहते. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर झिजू नये आणि थंडीतही फार कडक होऊ नये, ही तडजोड ऑल-सीझनच्या मिश्रणाला करावी लागते. विंटर टायर बसवण्यासाठी ७ अंश सेल्सिअसचा जो उंबरठा सांगितला जातो तो याच कारणाने. तो निसर्गाचा नियम नव्हे, केवळ ढोबळ संकेत आहे. त्या आकड्यावर कोणताही टायर एकाएकी निकामी होत नाही. मात्र त्यातला मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे: हिम पडले नसले, रस्ता कोरडा दिसत असला, तरी थंडीमुळे पकड कमी होऊ शकते.

दुसरा फरक नक्षीत आहे. विंटर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर, म्हणजे खाचांच्या मधल्या उंच भागावर, नागमोडी, अगदी बारीक चिरा असतात. त्यांना सायप म्हणतात. चाक फिरताना त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा हिमाला धरतात. रुंद खाचांत भरलेले हिम तेथेच दाबले जाते, आणि हे उपकारकच ठरते; कारण हिमाला हिम जितके चिकटते तितके रबर चिकटत नाही. ऑल-सीझन टायरवरही सायप असतात, पण कमी आणि उथळ, कारण चिरा वाढवल्या तर उन्हाळ्यात ठोकळे डगमगू लागतात आणि स्टिअरिंग सैल वाटते.

बर्फाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे आणि त्याची चर्चा कमी होते. शून्याच्या आसपासचा बर्फ ओला असतो; चाकाखाली पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि पकड अतिशय कमी होते. उणे २० अंशांवरचा कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा. म्हणजे थर्मामीटर खाली गेला की धोका वाढलाच, असे सरळ गणित येथे चालत नाही. याच कारणाने विंटर टायरमध्येही दोन घराणी आहेत. मध्य युरोपासाठीचे टायर ओला रस्ता, चिखलमिश्रित हिम आणि महामार्गावरचा वेग डोळ्यांसमोर ठेवून बनतात. उत्तरेकडचे नॉर्डिक टायर अधिक मऊ, बर्फाला प्राधान्य देणारे आणि कमी वेगमर्यादेचे असतात. खिळे बसवलेले टायर बर्फावर प्रभावी असले तरी रस्ता खरवडतात. फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे येथे ते चालतात, जर्मनीत त्यांना सर्वसाधारण बंदी आहे.

विंटर टायरची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऊन तापलेल्या रस्त्यावर त्याचे मऊ रबर भराभर झिजते, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर जाते आणि वळणावर ती किंचित तरंगल्यासारखी वाटते. वर्षभर तेच टायर ठेवणे म्हणजे पावसाळी बूट घालून मैदानी शर्यत धावण्यासारखे आहे. म्हणून विंटर टायर घेणे याचा अर्थ दोन संच बाळगणे, ऋतू बदलला की ते बदलणे आणि उरलेला संच उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवणे असा होतो. खर्च दुप्पट वाटतो, पण एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही, ही गोष्ट हिशेबात धरावी.

ज्या प्रदेशात कित्येक महिने तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली राहते, रस्ते वेळच्या वेळी साफ होत नाहीत, किंवा डोंगरी घाटांतून नित्य जावे लागते, तेथे विंटर टायरला पर्याय नाही असे माझे मत आहे. जेथे हिम वर्षातून मोजक्याच वेळा पडते आणि एरवी थंड पाऊस असतो, तेथे डोंगर-हिमकणाची खूण असलेला ऑल-सीझन टायर समंजस निवड ठरते. येथे बाजारातील नावे पुन्हा फसवतात: युरोपात ऑल-सीझन म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरवर ही खूण बहुधा असते, तर उत्तर अमेरिकेत ऑल-सीझनवर बहुधा नुसती ‘एम+एस’ असते आणि खूण असलेल्या बारमाही टायरना ऑल-वेदर हे वेगळे नाव आहे. त्यामुळे दुसऱ्या देशातील कुणाचा सल्ला वाचताना तो नेमका कोणत्या टायरविषयी बोलतो आहे, ते आधी तपासावे.

चारही चाकांना जोडणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्हच्या भरवशावर टायरकडे दुर्लक्ष करणारेही बरेच आहेत. ती व्यवस्था गाडी हलवायला मदत करते. थांबवताना आणि वळवताना जमिनीशी संबंध फक्त टायरचा असतो. विंटर टायर चारही चाकांना एकाच प्रकारचे हवेत. पैसे वाचवण्यासाठी पुढच्याच दोन चाकांना बसवले, तर वळणावर गाडीचा मागचा भाग घसरून गाडी फिरण्याचा धोका असतो.

जुना संच पुन्हा बसवताना नक्षीची खोली मोजून घ्यावी. युरोपात कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर असली तरी हिमात ४ मिलिमीटरच्या खाली भरवसा उरत नाही. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरलेला रेडियल (आजच्या गाड्यांत सर्रास असणाऱ्या बांधणीचा) टायर विंटर टायर म्हणून मान्यच होत नाही. टायरच्या बाजूवर चार अंकांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असते. ३८२२ म्हणजे २०२२ चा ३८ वा आठवडा. हवेचा दाब टायर थंड असतानाच पाहावा, कारण बाहेरचे तापमान १० अंशांनी उतरले की तो साधारण १ ते २ पीएसआयने घटतो, आणि शरद ऋतूत नीट भरलेला टायर पहिल्या कडाक्याच्या थंडीत सहज कमी हवेचा झालेला असतो.