अंधारात गाडी खरंच जोरात जाते का?

डोंगरउतारावरच्या कोस्टरवरून दुपारी तीन वाजता आम्ही पहिल्यांदा उतरलो आणि रात्री दहाला दुसऱ्यांदा. रूळ तोच, डोंगर तोच, पुढे भाची आणि मागे मी. दोन्ही वेळा ताई खाली घड्याळ लावून उभी होती. रात्री गाडी थांबून पट्टा सुटतोय तोच भाची ओरडली, "मामा, आत्ता किती जोरात गेली!" ताईचं घड्याळ मात्र उलटं सांगत होतं. रात्री आम्हाला खाली यायला दुपारपेक्षा जास्त वेळ लागला होता.

गाव पिजन फोर्ज, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं, ग्रेट स्मोकी डोंगरांच्या पायथ्याशी. तिथला स्मोकी माउंटन अल्पाइन कोस्टर 2013 साली सुरू झाला. त्याची उतरण मैलाहून, म्हणजे 1.6 किलोमीटरहून लांब आहे. जत्रेतल्या किंवा पार्कातल्या रोलर कोस्टरसारखा हा प्रकार उंच सांगाड्यावर उभा नसतो. दोन पोलादी नळ्यांचा रूळ जमिनीलगत, डोंगराच्या अंगाअंगानं, झाडांमधून वाट काढत खाली येतो. दोरानं ओढून तुम्हाला वर नेतात, माथ्यावर सोडून देतात, आणि तिथून पुढे गुरुत्वाकर्षण. दोन्ही बाजूंना दांडे असतात. पुढे ढकलले की गाडी मोकळी सुटते, मागे ओढले की ब्रेक लागतो. लहान मूल सोबत असेल तर ते पुढे बसतं आणि दांडे मागच्याच्या हातात. युरोपात हे खूळ जुनं आहे. अँडोरातला असा एक रूळ 5.3 किलोमीटरचा आहे.

आता हिशोब करू. घर्षण आणि हवा बाजूला ठेवली तर फक्त 30 मीटर उंची उतरताना गाडी सेकंदाला 24 मीटर वेग घेईल, म्हणजे ताशी 87 किलोमीटर. खऱ्या कोस्टरवर वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास अडतो, किंवा अडवला जातो. कित्येक गाड्यांमध्ये त्यासाठी चाकाबरोबर फिरणारा ब्रेक असतो. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच आठवा. इंजिनाचे फेरे वाढले की आतले पट्टे बाहेर फेकले जातात, भोवतीच्या डब्याला घासतात आणि स्कूटर पुढे निघते. इथे तीच युक्ती वेग आवरायला वापरली आहे. चाक ठरावीक वेगापलीकडे फिरू लागलं की पट्टे बाहेर सरकतात आणि गाडी धरून ठेवतात. काही ठिकाणी हे काम चुंबक करतात. धातूची पट्टी चुंबकाजवळून वेगानं गेली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते हालचालीला विरोध करतात. वेग जितका जास्त तितका विरोधही जास्त, आणि झिजायला काहीच नाही.

ताशी 40 हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण साडेबारा मीटर त्रिज्येच्या वळणावर या वेगाला आडवा रेटा जवळजवळ तुमच्या वजनाएवढा होतो. तो आणि खालचं वजन मिळून 60 किलोच्या माणसाला आपण 85 किलोचे झाल्यासारखं वाटतं. म्हणून तिथे रूळ कलता ठेवतात. कल 45 अंशांच्या जवळ असला की हा सगळा रेटा सीटच्या तळाकडे जातो आणि माणूस बाजूला फेकला जात नाही.

थोडक्यात, वेगाला वरून झाकण आहे, आणि ते दिवसाही तेच, रात्रीही तेच. उलट रात्री गाडी किंचित मंदच व्हायला हवी. हवा 10 अंशांनी गार झाली की साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट्ट होते आणि तितकाच जास्त अडथळा करते. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीसही थंडीत जाड होतं. त्यात माझे हात. भाचीला मी सांगितलं नाही, पण दुपारी जिथे दांडे पुढे ढकललेलेच होते, तिथे रात्री दोन वळणांआधी मी ते मागे ओढले होते.

मग तिला गाडी जोरात गेल्यासारखी का वाटली?

प्रयोगशाळेत जे सापडलं आहे, त्यानं हे कोडं आणखी अवघड होतं. 1998 साली ब्रिटनमध्ये रॉबर्ट स्नोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की धुक्यामुळे समोरचं दृश्य फिकं झालं की माणसाला स्वतःचा वेग कमी वाटतो, आणि सिम्युलेटरवरचे चालक नकळत जोरात हाकू लागतात. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यातून गाडी नेणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. पुढच्याच वर्षी कार्ल गेगेनफुर्टनर या संशोधकाच्या गटाला आढळलं की अंधूक उजेडात, जेव्हा डोळ्यातल्या फक्त दंडपेशी, म्हणजे कमी उजेडात बघणाऱ्या पेशी, काम करतात, तेव्हा हलणाऱ्या वस्तू खऱ्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्यानं हळू वाटतात. म्हणजे अंधारात सगळं संथ वाटायला हवं.

पण कोस्टरवर तसा अंधार नसतो. रुळाकाठी दिवे लावलेले असतात, आणि माझ्या मते कोड्याचं उत्तर त्या दिव्यांतच आहे.

दुपारी आम्ही पुढे बघत होतो तेव्हा नजरेत दोन जगं होती. रुळापासून दोन मीटरवरचं ओकचं खोड शेजारून जाताना सेकंदाला 300 अंशांच्या वेगानं सरकतं. त्याचा पाठलाग डोळ्याला जमत नाही, नुसता तपकिरी पट्टा दिसतो. अर्ध्या किलोमीटरवरची टेकडी मात्र सेकंदाला जेमतेम सव्वा अंश हलते. ती जागची ढळत नाही आणि आपल्याला धीर देते. त्याही मागे डोंगरांच्या निळसर रांगा होत्या. हा निळेपणा झाडांनीच दिलेला आहे. पानं आयसोप्रीन आणि टर्पीनसारखी द्रव्यं हवेत सोडतात, त्यांच्यापासून अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1960 मध्ये हा संबंध मांडला. या डोंगरांना ‘स्मोकी’, म्हणजे ‘धुरकट’, हे नाव मिळालं ते याच धुक्यासारख्या थरामुळे, आणि चेरोकी लोकांच्या भाषेतलं इथलं जुनं नावही निळ्या धुराचंच आहे.

रात्री टेकडी गेली, रांगा गेल्या. उरलं ते दिव्यांच्या टप्प्यातलं, म्हणजे सगळ्यात जवळचं आणि म्हणून सगळ्यात वेगानं सरकणारं. रुळाची कड, खांब, एखादी फांदी. त्यांच्यात फिकेपणा अजिबात नाही. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ असावी तशा त्या लख्ख दिसतात. नजरेतलं संथ जग पुसून फक्त धावणारं जग ठेवलं, तर मेंदूनं वेगाचा अंदाज कशावरून करायचा?

दुसरं कारण कानात आहे. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं ओळखतात आणि त्यांच्या शेजारचे चुनखडीचे बारीक कण कल आणि धक्का ओळखतात. एकसारखा वेग यांपैकी कुणालाच कळत नाही. कळतो तो बदल. बदल आधी दिसला तर शरीर तयारी करतं, मान वळणाच्या आत झुकते, पोटाचे स्नायू आवळतात. घाटात बस चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, मागच्या बाकावरच्याला लागते, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. दुपारी भाची प्रत्येक वळणाआधी आत कलत होती, तिची वेणी मला खुणेसारखी दिसत होती. रात्री वेणी आधी बाहेरच्या बाजूला गेली आणि मग ती सावरली. दर वळणाला ती क्षणभर उशिरा पोचत होती. तोच रेटा, पण सांगून न आलेला.

आणि हवा. दिवसा डोंगर उतरताना साधारणपणे ऊब वाढत जाते. रात्री उतारावरची जमीन गार होते, तिला टेकलेली हवा जड होऊन ओघळते आणि खालच्या खोलगटात साचते. त्यामुळे आम्ही उतरत असताना शेवटच्या एक-तृतीयांश भागात, एका ओढ्याजवळ, अचानक गार पाण्यात पाय घालावा तसं झालं. भाचीच्या हातावर काटा आला होता. अशा गार हवेच्या थरावर आवाज खाली वाकतो आणि दूरवर पोचतो, म्हणून आमच्या मागच्या गाडीची घरघर अगदी पाठीशी असल्यासारखी ऐकू येत होती.

खाली आल्यावर ती दिव्यांकडे बघत म्हणाली, "मधे मधे मला काहीच दिसत नव्हतं." ते खरं होतं. अंधाराला सरावायला डोळ्याच्या शंकुपेशींना, म्हणजे उजेडात रंग बघणाऱ्या पेशींना, साधारण दहा मिनिटं लागतात, दंडपेशींना वीस ते तीस. दंडपेशींमधलं प्रकाश टिपणारं द्रव्य, रोडॉप्सिन, उजेडात विरतं आणि हळूहळू पुन्हा तयार होतं. दर काही सेकंदांनी दिवा डोळ्यांवर येत असेल तर ते जमा व्हायला उसंतच मिळत नाही, आणि दोन दिव्यांमधली झाडी असते त्याहून जास्त काळी दिसते. याच डोंगरांत एल्कमाँट नावाच्या जागी मे अखेरीपासून जूनपर्यंत एकाच वेळी लुकलुकणारे काजवे बघायला लोक जमतात. तिथे टॉर्चला लाल कागद लावायला सांगतात, कारण लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही. भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला किंवा राजमाचीला पावसाआधी काजवे बघायला जाणाऱ्यांनीही ही युक्ती करून पाहावी.

आम्ही एल्कमाँटला गेलो नाही. गाड्या लावतात त्या आवाराच्या मागच्या बाजूला, जिथे दिवे पोचत नव्हते, तिथे कुंपणाला टेकून तिघंही उभे राहिलो. फोन बंद. पाच मिनिटं नुसता काळोख. ताईला निघायची घाई होती, भाचीनं तिला थांबवलं. मग कुंपणाच्या तारा दिसू लागल्या, मग पलीकडचं गवत. रंग नव्हता, पण पातं न् पातं वेगळं. विसाव्या मिनिटाच्या सुमाराला भाचीनं माझी बाही ओढली आणि बोट दाखवलं. झाडांच्या मधून, ज्याच्यावरून आम्ही दोनदा आलो होतो, तो रूळ वळत वर गेलेला दिसत होता.