इंडियन रक्तगट प्रणाली

इंडियन रक्तगट प्रणाली ही तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील ‘सीडी ४४’ या प्रथिनावर असणाऱ्या प्रतिजनांची (शरीराची प्रतिकारयंत्रणा ज्या ओळखते अशा खुणांची) प्रणाली असून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिचा क्रमांक ०२३ आहे. एबीओ आणि आरएच यांच्या तुलनेत ती गौण मानली जाते. मात्र तिचे पहिले प्रतिजन कोकण किनाऱ्यावरच्या मुंबईत सापडले असल्यामुळे येथील रक्तपेढ्यांनी तिची ओळख ठेवणे अगत्याचे आहे. मुंबईतच १९५२ मध्ये भेंडे व सहकाऱ्यांनी वर्णन केलेला ‘बॉम्बे रक्तगट’ एच प्रतिजनाच्या अभावाशी निगडित असून त्याचा या प्रणालीशी संबंध नाही.

बडाकेरे, जोशी, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये आयएन-ए या प्रतिजनाची नोंद केली आणि ते भारतीयांत आढळले म्हणून प्रणालीला ‘इंडियन’ हे नाव मिळाले. त्याचे जोडीदार प्रतिजन आयएन-बी हे १९७५ मध्ये गाइल्स यांनी ओळखले. दोहोंतील फरक प्रथिनाच्या ४६ व्या स्थानावरील एकाच अमिनो आम्लाचा आहे: तेथे आर्जिनिन असल्यास आयएन-बी आणि प्रोलिन असल्यास आयएन-ए.

आयएन-ए भारतीयांत सुमारे ४ टक्के, तर अरब आणि इराणी लोकांत १० टक्क्यांहून अधिक आढळल्याचे सर्वेक्षणे सांगतात. युरोपीय लोकांत ते अगदी विरळ आहे. चौल आणि दाभोळ या बंदरांचा पश्चिमेकडील जुना व्यापार पाहता या आकड्यांतून वंशसंबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु एका प्रतिजनाच्या प्रमाणावरून तसा निष्कर्ष काढणे योग्य नाही. शंभरांत चौघांकडे आयएन-ए असेल, तर प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असल्याने त्या जनुकाचे प्रमाण सुमारे २ टक्के येते आणि ते आई-वडील दोघांकडूनही मिळून आयएन-बी मुळीच नसलेली व्यक्ती १०,००० मध्ये ४ एवढीच निघते. त्यामुळे भारतीयांत आयएन-बी ९६ टक्के असल्याचा, काही तक्त्यांत आढळणारा आकडा या हिशेबाशी जुळत नाही आणि तो जपूनच वापरावा. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे, तेथे मात्र ही शक्यता वाढते.

खरी अडचण याच विरळ व्यक्तींची असते. आधीच्या रक्तसंक्रमणामुळे किंवा गरोदरपणामुळे त्यांच्या शरीरात आयएन-बीविरुद्ध प्रतिपिंड (त्या प्रतिजनाला चिकटणारी संरक्षक प्रथिने) तयार झाले, तर जवळजवळ प्रत्येक दात्याचे रक्त त्यांना प्रतिकूल ठरते. पेशींना चिकटलेले प्रतिपिंड दाखवणाऱ्या कूम्ब्स चाचणीत पॅनलच्या (प्रतिजने ठाऊक असलेल्या पेशींच्या संचाच्या) एकूण एक नळ्यांत गुठळ्या दिसतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींच्या नळीत मात्र तळाशी बसलेली लाल गोळी हलक्या हाताने हलवताच धुरासारखी वर उठून सुटी होते. हा विरोधाभास दिसला की तंत्रज्ञाच्या मनात सार्वत्रिक, म्हणजे जवळजवळ सर्वांकडे असणाऱ्या, प्रतिजनाविरुद्धच्या प्रतिपिंडाची शंका यायला हवी. पॅनलच्या पेशींवर पपेन या (प्रथिने तोडणाऱ्या) विकराची क्रिया केल्यानंतर गुठळ्या नाहीशा झाल्या, तर शंकेला बळ मिळते. परंतु आणखी काही प्रतिजनेही असेच वागत असल्याने निर्णय आयएन-बीरहित पेशी वापरूनच करावा लागतो आणि त्यासाठी नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. आयएन-बीविरोधी प्रतिपिंडामुळे रक्त चढवताच पेशी फुटल्याचे उदाहरण नोंदलेले असल्यामुळे ‘गौण’ या शब्दावर विसंबून चालत नाही. नवजात बालकाच्या पेशींवर ही प्रतिजने क्षीण असतात.

आयएन-एविरोधी प्रतिपिंडाची गोष्ट वेगळी आहे. तपासणीच्या पेशींवर आयएन-ए सहसा नसल्याने प्रतिपिंड शोधणारी प्राथमिक चाळणी चाचणी निर्दोष येते आणि एखाद्याच पिशवीशी जुळणी बिघडल्यावर तो उघडकीस येतो. तेव्हा दुसरी पिशवी घेतली की काम भागते.

आयएन-बीरहित रक्ताचा शोध मात्र रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपासून सुरू करावा. अशा रुग्णाच्या आई-वडिलांपैकी प्रत्येकाकडे आयएन-एचे किमान एक जनुक असतेच, त्यामुळे प्रत्येक भावंड तसेच निघण्याची शक्यता निदान चारांत एक असते, अर्थात एबीओ आणि आरएच जुळल्यासच ते रक्त उपयोगी पडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील रुग्णाचे भाऊ बहुधा मुंबईत चाकरमानी असतात. अशा वेळी त्यांचे नमुने तेथेच तपासून घ्यावेत, म्हणजे योग्य दाता मिळताच रक्त मुंबईत काढून शीतपेटीतून गावाकडे धाडता येते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर रुग्णाचे स्वतःचे रक्त आधी काढून ठेवणे हाही एक मार्ग आहे.