झेरॉक्स काढायला येताना एवढं वाचा

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात रात्री शटर ओढण्याआधी मशीनचं झाकण उचलून बघायची सवय आहे. काचेवर हमखास काहीतरी राहिलेलं असतं. कुणाचं आधार कार्ड, कुणाच्या पासबुकचं पहिलं पान, ॲडमिशनच्या दिवसांत दहावीचं मार्कशीट. मूळ कागद शोधत माणूस धावत परत येतो. काळी किंवा वाकडी आलेली झेरॉक्स मात्र कुणी मागत नाही. "असू दे की, टाका तिकडं," म्हणतात आणि जातात. हे पत्रक त्या टाकून दिलेल्या झेरॉक्ससाठी आहे.

तिच्यावर तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि आधारचा १२ आकडी नंबर असतो. रद्दीत गेली की कुठल्या गाडीवर भेळेची पुडी होईल, सांगता येत नाही. असे कागद वापरून दुसऱ्याच्या नावावर सिमकार्ड घेतली जातात, कर्ज उचललं जातं, बँकेत खातं उघडून चोरीचे पैसे फिरवले जातात. ज्याचं नाव वापरलं त्याला पत्ता लागतो तो वसुलीवाल्याचा फोन आल्यावर, नाहीतर पोलिसांची नोटीस दारात आल्यावर.

म्हणून खराब झेरॉक्स आम्ही रद्दीला देत नाही, तुमच्यासमोर कागद कापायच्या मशीनमध्ये घालून बारीक करतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल प्रिंट निघाल्यावर फोनवरून, डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाकतो. खात्री करायची असेल तर स्क्रीन तुमच्याकडे वळवू, विचारायला संकोच नको. तो तुमचा हक्कच आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्यापुरतीच वापरायची, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे.

पासवर्ड आम्हाला सांगू नका. कीबोर्ड तुमच्याकडे सरकवतो, तुम्ही टाइप करा. आमच्या कॉम्प्युटरवर मेल किंवा व्हॉट्सॲप उघडलं असेल तर उठण्याआधी स्वतः लॉगआउट करा. ओटीपी फॉर्मसाठी लागतो हे खरं, पण मेसेज आधी पूर्ण वाचा. कशाचा ओटीपी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतोय आणि मेसेज बँकेचा आला, तर तो आकडा आम्हालाही देऊ नका.

आता आधारबद्दल. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे लॉजवर द्यायला आधारची झेरॉक्स काढून नेतात. आपणही बाहेरगावी गेलो की तेच करतो. तिथं 'मास्क्ड आधार' द्या. त्यावर नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात, पहिले ८ झाकलेले असतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते फुकट मिळतं, हवं तर आम्ही काढून देऊ. एक गोष्ट मात्र फार जणांना माहीत नसते. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे तुमच्या नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तुम्हाला ओळखणारा कुणीही ती फाइल उघडू शकतो. कुलूप आहे म्हणून ती कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. झेरॉक्स द्यावीच लागली तर कुणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे छापलेल्या मजकुरावरूनच आडवं लिहून सही करा. कोपऱ्यातली सही कापून टाकता येते.

करवीर, पन्हाळा, कागलकडून येणाऱ्या शेतकरी ग्राहकांनी पुढचं नीट वाचावं. बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढता येतात. त्याला बँकेचं नाव, आधार नंबर आणि ठसा एवढंच लागतं, ओटीपी येत नाही. जुन्या खरेदीखतांवर अंगठे असतात, आणि कागदांवरचे असे ठसे सिलिकॉनवर उठवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघड झालेले आहेत. ऊसबिल ज्या खात्यावर येतं त्याची काळजी वाटत असेल तर आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याचा ठसा चालणं बंद होतं. रेशनला अंगठा द्यायच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडावं लागेल. थोडा त्रास आहे, पण आमच्या मते तो घेण्यासारखा आहे. मोबाइल नंबर आधारला जोडलेला मात्र हवा.

तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं. कुणी तुमच्या नावावर कर्ज घेतलंय का, हे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात कळतं, तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. हल्ली लग्नपत्रिका किंवा गाडीच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं ॲप आहे. उघडू नका.

आणि पैसे गेलेच तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो, म्हणून पहिला तास मोलाचा. चूक तुमची किंवा बँकेची नसताना ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये केला. ओटीपी स्वतः दिला असेल तर त्या नियमाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, म्हणून तेव्हा तर आणखी घाई करा. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. ऑनलाइन तक्रार भरायला अडचण आली तर दुकानात या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

काचेवर विसरलेली मूळ कागदपत्रं काउंटरच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये ठेवतो. न्यायला आलात की आधी जन्मतारीख आणि नंबरचे शेवटचे ४ आकडे विचारू. रोजची ओळख असली तरी विचारू, राग मानू नका.