रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षण-आखणी सॉफ्टवेअरची वापरकर्ता चाचणी

रेडिओ दुर्बिणीने कोणता स्रोत, कधी, कोणत्या कंप्रतेवर आणि किती वेळ पाहायचा, हे आधी एका सॉफ्टवेअरमध्ये मांडून द्यावे लागते. ते सॉफ्टवेअर खऱ्या वापरकर्त्यांच्या हाती देऊन ते कुठे अडखळतात हे शेजारी बसून टिपणे, म्हणजे ही चाचणी. या नोंदीत ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांमध्ये ती घेताना ज्या गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते, त्यांवर भर दिला आहे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे (जीएमआरटी) उदाहरण घेतले की आखणीतला गुंता लक्षात येतो. तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. क्षितिजापासून साधारण १७ अंशांच्या खाली त्या झुकत नाहीत, म्हणून स्रोत उगवला तरी लगेच दिसत नाही. सोबत ३सी४८, ३सी१४७ किंवा ३सी२८६ यांसारखा ज्ञात तेजाचा स्रोत मापनासाठी घ्यावा लागतो आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने जवळच्या एखाद्या कला-अंशशोधकाकडे (लहरींच्या कलेतल्या, म्हणजे फेजमधल्या, चुका सुधारण्यासाठी पाहायच्या ज्ञात स्रोताकडे) वळावे लागते. यातले एक विसरले, तर रात्रभराची निरीक्षणे असूनही प्रतिमा नीट बनत नाही. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या सत्रांसाठी येथे प्रस्ताव मागवले जातात. वाशीमच्या संशोधकाला आणि युरोपातल्या संशोधकाला फॉर्म एकच.

सर्वांत जास्त चुका वेळेत होतात. त्या समजून घेण्यासाठी एकच काम पुरते: डिसेंबरच्या मध्यावर क्रॅब तेजोमेघाचे निरीक्षण आखणे. तो खोडदच्या याम्योत्तर वृत्तावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, म्हणजे सर्वांत उंच) येतो भारतीय वेळेनुसार रात्री साडेबाराच्या सुमारास. सॉफ्टवेअर यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) मागत असेल तर ते होतात संध्याकाळचे सात, आणि तारीख आदल्या दिवसाची. वेळेतून साडेपाच तास बरोबर वजा करूनही तारीख तशीच ठेवली, की निरीक्षण एका दिवसाने चुकते. त्याच पडद्यावर ‘एलएसटी’ असे लिहिलेले असेल, तर ते ‘लोकल स्टँडर्ड टाइम’ असे वाचले जाण्याची भीती असते. अभिप्रेत असते स्थानिक नाक्षत्र वेळ (लोकल सायडेरिअल टाइम), म्हणजे सूर्याऐवजी ताऱ्यांवरून मोजलेली. शिवाय स्थानिक म्हणजे दुर्बिणीच्या ठिकाणची. गडचिरोली खोडदच्या पूर्वेला जवळजवळ सहा रेखांश आहे, त्यामुळे तिथे तोच तेजोमेघ सुमारे २४ मिनिटे आधी माथ्यावर येतो. मोबाइलवरचे आकाशाचे अ‍ॅप आपल्या गावाची वेळ दाखवते, आणि विद्यार्थी ती जशीच्या तशी फॉर्ममध्ये भरू शकतो.

नाक्षत्र वेळ ही कल्पना मात्र या भागाला परकी नाही, आणि चाचणी घेणाऱ्याने हे आवर्जून ध्यानात ठेवावे. शेतीची लाइन रात्रीची असली की हरभऱ्याला, गव्हाला ओलीत रात्रीच करावे लागते. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला जागल असते. तिकांडे (मृग नक्षत्रातले एका ओळीतले तीन तारे) कुठवर आले यावरून रात्र किती उरली हे ओळखणारी माणसे अजून आहेत. तेच तिकांडे रोज चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास, लवकर उगवते हेही त्यांनी पाहिलेले असते. विदर्भातील गोंड समाजाच्या आकाशज्ञानावर मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी अभ्यास प्रसिद्ध केला आहे. सप्तर्षींत गोंड लोक खाट पाहतात. नुसत्या आकड्याच्या जागी माथ्यावरून सरकणारा तारा दाखवणारा आलेख असावा, असे या अनुभवाकडे पाहून ठामपणे म्हणावेसे वाटते.

चाचणीत मोठ्याने बोलत काम करायला सांगतात. इथे पहिली अडचण आदराची. ‘सर, माझं चुकलं का?’ हा प्रश्न येतो, मग शांतता. पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या सॉफ्टवेअरला नावे कशी ठेवायची, हा संकोच खरा असतो. दोघांना एकाच संगणकापुढे बसवले तर ते एकमेकांशी बोलतात, आणि वऱ्हाडीत बोलतात. ‘आता हे कायले विचारून राह्यलं?’ हे वाक्य जसेच्या तसे टिपावे. ‘प्रश्न समजला नाही’ अशी त्याची नोंद केली तर अर्थ हरवतो. प्रश्न समजलेला असतो, तो इथे का विचारला हे कळलेले नसते. उपाय वेगळा निघतो: शब्द बदलण्याऐवजी तो रकाना पुढच्या पानावर हलवावा लागतो.

किती जण हवेत? नील्सन आणि लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितावरून पाच वापरकर्त्यांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात असा संकेत रूढ झाला. हे पाचही जण एका वर्गातले, एकाच शिक्षकाकडे शिकलेले असतील तर तो लागू पडत नाही.

शेवटी बहुधा जॉन ब्रूक यांची दहा विधानांची वापरसुलभता मापनी भरून घेतात. तिची विधाने आलटूनपालटून अनुकूल आणि प्रतिकूल असतात. भिडेखातर सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ अशी खूण केली, तर गुण १०० पैकी नेमके ५० येतात. असा ५० चा आकडा दिसला की कागद उलगडून पाहावा. मराठी भाषांतरात प्रतिकूल विधानांतला नकार ठळक नसला, तर विद्यार्थ्याने विधान न वाचताच खूण केलेली असण्याची शक्यता वाढते.

जागेची तयारीही चाचणीचाच भाग आहे. दुपारी लाइन गेली आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखे असले, तर अर्धा भरलेला फॉर्म जातो. म्हणून एका फेरीत नेट मुद्दाम तोडून पाहावे: अंशशोधकांची यादी आणि वेळा परत जोडल्यावर जागच्या जागी आहेत का, की विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.