ऐरोलीतून अमेरिकन शाळेच्या इंटरनेटसाठी बोली लावताना: ई-रेटचे नियम, पात्रता आणि कागदपत्रं

डिसेंबर उजाडला की आमच्या बिड डेस्कवर 'फोर-सेव्हंटी आली का?' (फोर-सेव्हंटी म्हणजे शाळा आपली मागणी जाहीर करते तो फॉर्म ४७०) हा प्रश्न चहाच्याही आधी विचारला जातो. चहा संध्याकाळी साडेसहाचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. तिकडच्या शाळांना इंटरनेट आणि वायफाय विकणाऱ्या एका कंपनीचे प्रस्ताव ऐरोलीत बसून तयार करणं, हे माझं काम. दरवर्षी नवी मुलं रुजू होतात. बहुतेकांनी आपल्याकडच्या निविदा पाहिलेल्या असतात आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांची समजूत एकच असते: सरकारी टेंडर आहे, सगळ्यात कमी दर टाका, काम मिळेल. इथे ते गणित चालत नाही. शिवाय दर बरोबर आणि कागद चुकीचा असेल तर नुकसान आपल्याइतकंच शाळेचंही होतं.

योजनेचं नाव ई-रेट: शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेट आणि वायफायच्या बिलात सवलत देणारी. १९९६ च्या अमेरिकन टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमधून ती आली. नियम करते एफसीसी, म्हणजे तिकडची दूरसंचार नियामक संस्था. अर्ज तपासणं आणि पैसे देणं यूसॅक ही ना-नफा संस्था करते. पैसा येतो टेलिकॉम कंपन्यांच्या वर्गणीतून, आणि ती वर्गणी शेवटी ग्राहकाच्या फोनबिलातूनच निघते. आपल्याकडच्या डिजिटल भारत निधीची जातकुळी तीच. ही वर्गणी घटनेत बसते का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता; जून २०२५ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती वैध ठरवली. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर क्रिकेटइतकीच तिची चर्चा होती, कारण निकाल उलटा लागला असता तर अर्धी टीम रिकामी बसली असती.

पात्रता मोजकी आहे. बारावीपर्यंतच्या शाळा, सरकारी किंवा खासगी, पण ना-नफा. शाळेची कायम ठेव ५ कोटी डॉलरच्या वर नको. सार्वजनिक ग्रंथालयंही चालतात, आणि अनेक शाळा एकत्र येऊन गट म्हणून अर्ज करू शकतात. सवलत २० ते ९० टक्के. ती ठरते शाळेतली किती मुलं सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत यावर, आणि शाळा शहरी की ग्रामीण यावर. निम्म्याहून जास्त मुलं पात्र असली की ८० टक्के, पाऊणशे टक्क्यांपासून पुढे ९०. सवलत मिळणाऱ्या सेवांचे दोन वर्ग आहेत: पहिल्या वर्गात शाळेपर्यंत येणारी लाइन, दुसऱ्या वर्गात आतलं वायरिंग, स्विच, वायफाय. दुसऱ्या वर्गाची कमाल सवलत ८५ टक्के. मुलांचे लॅपटॉप, टॅबलेट यात बसत नाहीत. शाळा विचारतात, आपण आशा लावायची नाही.

आता पैशाचं उदाहरण. वर्षाचं बिल २४,००० डॉलर, सवलत ८० टक्के. निधीतून १९,२०० येतात, ४,८०० शाळेने स्वतःच्या खिशातून भरायचे. हे ४,८०० आपण माफ करू शकत नाही, 'नंतर बघू' म्हणू शकत नाही, देणगीच्या नावाने फिरवून परतही देऊ शकत नाही. शाळेचा स्वतःचा पैसा लागला तरच ती दर घासून बघेल, हा त्यामागचा विचार.

बोलीची सुरुवात शाळा करते, फॉर्म ४७० भरून. काय हवं, किती वेग, किती इमारती, हे त्यात येतं आणि तो यूसॅकच्या पोर्टलवर सगळ्यांना दिसतो. सविस्तर निविदापत्र असेल तर तेही तिथेच चढवावं लागतं. त्या दिवसापासून किमान २८ दिवस शाळेने थांबायचं. त्याआधी पुरवठादार निवडणं, करारावर सही करणं, पुढचा फॉर्म भरणं, काहीच चालत नाही. १ डिसेंबरला फॉर्म ४७० लागला तर करार लवकरात लवकर २९ डिसेंबरला. मधेच शाळेने मागणी मोठ्या प्रमाणात बदलली, समजा दोन इमारतींच्या वीस केल्या, तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून. राज्याचा किंवा जिल्ह्याचा खरेदी नियम जास्त कडक असेल तर तोही पाळायचा. एक पळवाट नियमातच दिली आहे: वर्षाला ३,६०० डॉलरच्या आतलं, सगळ्यांना उपलब्ध असलेलं व्यावसायिक इंटरनेट, डाउनलोड १०० आणि अपलोड १० एमबीपीएस किंवा जास्त, यासाठी फॉर्म ४७० लागत नाही. छोट्या ग्रंथालयांना हे सोयीचं पडतं.

खुली आणि न्याय्य स्पर्धा, हे शब्द नियमात पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा अर्थ मी नव्या मुलांना आमच्या कळव्याच्या सोसायटीवरून सांगते. रंगकामासाठी तीन कोटेशनं आली होती, तीन वेगळी लेटरहेड. तिन्हींत प्रायमरचं स्पेलिंग एकाच जागी, एकाच पद्धतीने चुकलेलं. सभेत सगळ्यांना कळलं, कोणी बोललं नाही, रंग लागला. ई-रेटमध्ये असली फाइल तपासणाऱ्याच्या टेबलावर गेली की त्या मागणीचे सगळे पैसे अडतात, आणि आधी दिलेले असतील तर परत मागितले जातात. दोन प्रतिस्पर्धी प्रस्तावांत सारखीच वाक्यं, शाळेच्या निविदापत्रात एका पुरवठादाराच्या माहितीपत्रकातला उतारा, या गोष्टी तिथे मुद्दाम शोधल्या जातात.

आपली मुलं घसरतात ती मदतीच्या सवयीपायी. तिकडच्या छोट्या शाळेत आयटीचा एकच माणूस असतो, तो बिचारा मेल टाकतो: 'फॉर्म ४७० मध्ये काय लिहू, जरा बघता का?' आपल्याकडे गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नाही. पण इथे नाहीच म्हणायचं. बोली लावणाऱ्याने फॉर्म ४७० भरायचा नाही, निविदापत्र लिहायचं नाही, त्यावर संपर्क म्हणून स्वतःचं नाव द्यायचं नाही, बोलींच्या तुलनेत भाग घ्यायचा नाही. आपल्या उत्पादनाची सर्वसाधारण माहिती द्यायला हरकत नाही. शंका असेल तर लेखी विचारायची. शाळेने उत्तर दिलं तर ते सगळ्या बोलीदारांना मिळायला हवं. निविदेत एखाद्या ब्रँडचं नाव असेल तर सोबत 'किंवा समतुल्य' असायला हवं. नसेल तर आमचे सेल्सवाले खूश होतात, मी होत नाही. अशी निविदा जिंकूनही उपयोग नसतो.

भेटवस्तूंचा नियम तर वर्षभर लागू, फक्त बोलीच्या काळात नाही. एका वेळी २० डॉलरपर्यंतची वस्तू, आणि एका पुरवठादाराकडून शाळेतल्या एका माणसाला एका निधी-वर्षात मिळून ५० डॉलरपर्यंत, एवढंच चालतं. निधी-वर्ष १ जुलै ते ३० जून. एका दिवाळीत आमच्या साहेबांनी तीन शाळांना काजूकतलीचे बॉक्स पाठवायचं ठरवलं. बॉक्सची किंमत बसत होती, पण कुरिअरसकट हिशेब करून पुढे वर्षभर त्याच माणसाची प्रत्येक कॉफी मोजत बसायची कोणाची तयारी नव्हती. बॉक्स आम्हीच संपवले.

निवडीचा नियम एका वाक्याचा आहे: सवलतीस पात्र वस्तू-सेवांच्या किमतीला इतर प्रत्येक निकषापेक्षा जास्त गुण. निम्मे गुण नाहीत, सर्वाधिक गुण. समजा शाळेने किमतीला ३०, अनुभवाला २५, स्थानिक दुरुस्ती पथकाला २५ आणि कराराच्या अटींना २० गुण ठेवले. दरमहा १,९०० डॉलरच्या बोलीला किमतीचे पूर्ण ३० मिळाले, पण बाकी तिन्हींत १५, १२, १४. बेरीज ७१. २,१५० च्या बोलीला किमतीच्या प्रमाणात २६.५ आणि पुढे २२, २३, १७. बेरीज ८८.५. काम दुसरीला, आणि ते नियमात बसतं. किंमत आणि अनुभव दोन्हींना पंचवीस-पंचवीस ठेवले असते तर मात्र सगळी निवड बाद. म्हणून नुसता दर पाडण्यात अर्थ नाही. दुरुस्तीला माणूस किती तासांत पोहोचतो हे प्रस्तावात ठसठशीत लिहा. अपात्र वस्तूंची किंमत नेहमी वेगळ्या ओळीत दाखवा, आणि 'सोबत फुकट' असं काही लिहू नका. त्या फुकटाची किंमत सवलतीच्या रकमेतून वजा होऊ शकते. दर कितीही असो, तशाच प्रकारच्या आपल्या इतर व्यावसायिक ग्राहकाला आपण जो सर्वात कमी दर देतो त्यापेक्षा शाळेला जास्त लावता येत नाही. एकच बोली आली तरी शाळा ती घेऊ शकते, पण एकच आली होती याची नोंद फाइलला हवी.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगायला हवी. पहिल्याच वर्षी एका कोटेशनवर मी तारीख टाकली ११/१२. माझ्या लेखी ११ डिसेंबर. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणजे १२ नोव्हेंबर, आणि त्या शाळेचा फॉर्म ४७० लागलेला १ डिसेंबरला. तपासणीत प्रश्न आला: मागणी जाहीर होण्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधी तुमचं कोटेशन शाळेकडे कसं? मेलच्या वेळेची नोंद दाखवून आम्ही सुटलो, पण शाळेचा अर्ज तेवढे दिवस अडकला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कागदावर महिना अक्षरात.

निवड झाली, करार झाला की शाळा फॉर्म ४७१ भरते. हाच निधीचा खरा अर्ज, आणि त्याची खिडकी साधारण जानेवारी ते मार्च उघडी असते. मंजुरीपत्र आल्यावर सेवा सुरू झाल्याचा फॉर्म ४८६, त्याला मुदत १२० दिवस, सेवा आणि पत्र यांतलं जे नंतर असेल तिथून. अल्पवयीन मुलांच्या इंटरनेट संरक्षण कायद्यानुसार फिल्टर बसवल्याची कबुली शाळा याच टप्प्यावर देते. मग बिलं: शाळा पूर्ण बिल भरून सवलत परत मागते तेव्हा फॉर्म ४७२, आपण सवलत वजा करून बिल पाठवतो आणि उरलेले यूसॅककडून घेतो तेव्हा ४७४. यातलं कोणतं, हे शाळा ठरवते.

पुरवठादाराचे स्वतःचे कागद थोडे आहेत. एफसीसीचा नोंदणी क्रमांक; फॉर्म ४९८, ज्यातून कंपनीला पुरवठादार क्रमांक मिळतो आणि बँकेचा तपशील नोंदला जातो; आणि दरवर्षीचं प्रमाणपत्र, फॉर्म ४७३. हे तिसरं विसरलं जातं. विसरलं की बिलं अडकतात, आणि दोष मात्र आपल्या डेस्कवर येतो. वागळे इस्टेटमधल्या ज्या छोट्या कंपन्या तिकडच्या मुख्य पुरवठादाराचं उपकंत्राट घेतात, त्यांना हे फॉर्म भरावे लागत नाहीत, पण सामान काय वापरलं याची जबाबदारी येते: हुआवे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांची उपकरणं या पैशातून चालत नाहीत.

अर्ज नाकारला गेला तर यूसॅककडे ६० दिवसांत अपील, तिथे नाही जमलं तर पुढे एफसीसीकडे. कागद सांभाळायचे सेवेच्या शेवटच्या तारखेपासून १० वर्षं: जिंकलेल्या बोली, हरलेल्या बोली, शाळेशी झालेला प्रत्येक मेल. आमच्याकडे कोणी नोकरी सोडली की आयटीवाले महिन्याभरात त्याचा मेलबॉक्स पुसून टाकायचे. आता निघणाऱ्या माणसाच्या शेवटच्या दिवशी त्याचे शाळावार फोल्डर काढून घेतल्याशिवाय मी क्लिअरन्सच्या फॉर्मवर सही करत नाही.